जखमेवरचं पातळ मीठ

शिरूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण विचारतो, "रांजणगावच्या गणपतीला का?" मी मेंढीची लोकर आणायला गेले होते असं सांगितलं की समोरचा माणूस हवापाण्यावर बोलायला लागतो. तीन दिवसांचा तो प्रवास त्यामुळे कोणाला धड सांगताच आलेला नाही. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

२००७ चा हिवाळा होता. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरीला होते आणि माझं कंत्राट मार्चपर्यंतच होतं. आमचं काम थोडक्यात असं. खायच्या मिठाला वितळायला भट्टी लागते, पण काही मिठं अशी असतात की ती चहाच्या आधणाइतक्या उष्णतेतसुद्धा पातळ होतात. त्यांना आयनिक लिक्विड म्हणतात. अशा तापवलेल्या पातळ मिठात लोकर आणि कापूस टाकला की दोन्ही विरघळून काकवीसारखा तपकिरी पाक होतो. तो पाक बारीक भोकातून पाण्यात सोडायचा, चकलीच्या सोऱ्यातून सोडतात तसा. मीठ पाण्यात निघून जातं आणि हाती धागा राहतो. या धाग्याचं कापड लवकर न भरणाऱ्या जखमांवर बांधायचं, असा बेत होता.

आमचे सर, म्हणजे प्रकल्पप्रमुख, या मिठाला 'हरित द्रावक' म्हणत. हरित का, तर ते हवेत उडत नाही, त्याचा वास येत नाही, धूर होत नाही. जे उडत नाही ते कुठेतरी राहतं, ही बाब सरांच्या भाषणात येत नसे. ते राहत होतं आमच्या धाग्यात. धागा कितीही धुतला तरी थोडं मीठ आत उरे. त्या धाग्याचा तुकडा काचेच्या बशीत जिवंत पेशींवर ठेवला की दुसऱ्या दिवशी पेशी मेलेल्या असत. सरांनी या निकालाला 'प्राथमिक स्वरूपाचा' असं नाव दिलं आणि तो कपाटात ठेवून दिला.

तोवर आम्ही परदेशी मेंढीची पांढरीशुभ्र लोकर कॅटलॉगमधून मागवत होतो. मग सरांना कुठल्याशा बैठकीत कळलं की अहवालात 'स्थानिक' हा शब्द असला की अनुदानाचं पुढे सरकतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "शिरूर-दौंड भागात मेंढपाळ आहेत. जा, लोकर घेऊन या. तिसऱ्या दिवशी मी फोटोग्राफर घेऊन येतो."

मी कधी मेंढी जवळून पाहिली नव्हती. लोकरीवर मात्र दोन शोधनिबंध लिहिले होते.

शिरूर

नगर रस्त्यावरची एस.टी. रांजणगावपर्यंत कंपनीतल्या कामगारांनी गच्च होती. पाळी बदलायची वेळ असावी. अर्धे लोक हिंदीत घरी फोनवर बोलत होते आणि उरलेले अर्धे झोपेत माझ्या खांद्यावर डोकं टेकत होते. रांजणगावला बस रिकामी झाली आणि शिरूरपर्यंत मी कंडक्टरबरोबर एकटीच गेले.

शिरूरच्या स्टँडवर उतरले, समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. पुण्यात मिसळ कुठली खरी यावर लोक भांडतात. इथे मालकानं न विचारता रस्सा वाढला आणि रुमालही दिला, कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं. डोळे पुसत मी त्याला लोकर कुठे मिळेल ते विचारलं. त्यानं मला मार्केट यार्डात एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे पाठवलं, त्याच्या वडिलांचा पूर्वी लोकरीचा धंदा होता म्हणून.

व्यापाऱ्यानं माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "लोकर? म्याडम, लोकर आता उकिरड्यावर बघा."

"म्हणजे?"

"म्हंजी कोण घेतंय ती? घोंगडी कोण वापरतंय? धनगरबी आता ब्लँकेटं वापरत्यात. मेंढरं कातरत्यात आन् लोकर बांधाला टाकून देत्यात." मग जरा विचार करून म्हणाला, "तुम्ही तिचं काय करणार?"

"विरघळवणार."

त्यानं ओळखपत्र परत दिलं. वेड्या माणसाशी बोलताना येतो तो मऊपणा त्याच्या आवाजात आला. न्हावऱ्याच्या पुढे कालव्याच्या कडेला म्हाळूआबांची वस्ती आहे, त्यांच्याकडे अजून मेंढ्या आहेत, असं त्यानं सांगितलं. शिवाय कागदावर वाट काढून दिली.

कालव्याकाठची वस्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याला उतरले आणि पुढे एका दुधाच्या टेंपोतून वस्तीवर गेले. चार पत्र्याच्या खोल्या, एका बाजूला कांदा, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधल्या कुंपणाच्या वाड्यात तीसेक मेंढ्या. म्हाळूआबांच्या वडिलांपर्यंत घराणं मेंढ्यांमागे कोकणापर्यंत चालत जायचं. कालव्याचं पाणी आलं आणि ते इथे थांबले. आता ऊस पाटसच्या कारखान्याला जातो. मेंढ्या आबांच्या हट्टापायी उरल्या आहेत.

दारात आबांची बायको जनाक्का उभ्या होत्या. साठीच्या, सडसडीत. मी कोण, कुठली हे सांगायच्या आत त्यांनी चहा पुढे केला, शेळीच्या दुधाचा. आमच्या पेठेत पाहुण्याला चहा विचारायच्या आधी त्याचं काम विचारतात, म्हणजे काम छोटं असलं तर चहा वाचतो.

चहा पीत मी माझं काम सांगितलं. जनाक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पातळ मीठ?"

"हो."

"आन् त्याचा धागा जखमेला बांधायचा?"

"हो. म्हणजे मीठ काढून टाकल्यावर."

"समदं निघतं का?"

सहा महिन्यांच्या बैठकांत हा प्रश्न एकाही तज्ज्ञानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "जवळजवळ."

"म्हंजी न्हाई निघत," जनाक्का म्हणाल्या आणि घरात वळून ओरडल्या, "अवो, ह्या बाई पुण्यावरनं आल्यात. जखमेवर मीठ चोळायचं मशीन काढलंय त्यांनी!"

आतून म्हाळूआबा हसत बाहेर आले. उंच, लाल पागोटं, आणि चालताना डावा पाय किंचित बाजूला टाकत. त्यांनी मेंढ्या कातरायला घेतल्या. मेंढीचे चारही पाय बांधून ती आडवी करायची आणि लांब कातरीनं अंगाबरोबर लोकर काढत जायची. आबांच्या हाताखालून मेंढी गोधडीतून बाहेर यावी तशी निघत होती. मीही एक मेंढी मागितली. पाच मिनिटांत मेंढीच्या पाठीवर पायऱ्या दिसू लागल्या. तेवढ्यात मागून एडक्यानं मला असं ढकललं की मी लोकरीच्या ढिगातच बसले. सूनबाई पदर तोंडावर धरून आत पळाली. आबा म्हणाले, "त्याची बायकू हाय ती. त्याला तुमचं काम आवडलं न्हाई."

लोकर काळी, राठ, काट्याकुट्यांनी भरलेली. शिवाय तिच्यात गोचिड्या होत्या, आणि गोचिडी मेंढीत आणि माणसात फरक करत नाही हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. कॅटलॉगमध्ये यातलं काहीच नव्हतं.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती आणि बाजरीची भाकरी. आबा मांडी घालून बसले तेव्हा त्यांचा डावा तळपाय माझ्यासमोर आला. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या, आणि आत काळी राख भरलेली.

"हे काय, आबा?"

"खिळा घुसला. झालं की तीन म्हैनं. घोंगडीचा तुकडा जाळून राख भरती ही रोज." मग हसून म्हणाले, "साखर हाय मला. ऊस घालायचा कारखान्याला आन् साखर निघती माझ्या अंगातनं."

"दवाखान्यात नाही दाखवलं?"

"दुखत न्हाई तर दवाखाना कशापायी?"

"मी किती दिस म्हणतीया दौंडला चला," जनाक्का म्हणाल्या. "माझं ऐकत असतं तर धनगर कशाला झालं असतं."

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. तीन महिने न भरलेली जखम पाहून शहाण्या माणसाला जे सुचायला हवं ते मला सुचलं नाही. मी वही काढली. 'जखमेवर लोकरीची राख, पारंपरिक वापर' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग रेंज मिळते म्हणून कालव्याच्या भरावावर चढले आणि सरांना फोन लावला. सर इतके खूश झाले की त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "उद्या त्या माणसाला कुठे जाऊ देऊ नका," ते म्हणाले. मीही खूशच होते. मार्च जवळ आला होता.

लोकरीचं पोतं घेऊन एस.टी.त चढले तर कंडक्टर म्हणाला, "बाई, मेंढरू आत बसलंय का?" शिरूरपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. आदल्या दिवशीच्या बसच्या मानानं हे फारच सुखाचं होतं. मी उतरले होते त्या लॉजवाल्यानं मात्र पोतं खोलीत नेऊ दिलं नाही.

वस्ती, सरांसह

तिसऱ्या दिवशी सर फोटोग्राफरला घेऊन मला न्यायला शिरूरच्या लॉजवर जीपमधून आले, दोन तास उशिरा. वाटेत रांजणगावच्या एका कंपनीत त्यांची बैठक होती. ती कंपनी दवाखान्यात लागणाऱ्या वस्तू करत असे. मी पोतं घेऊन गाडीत बसले तशी सरांनी सांगितलं, "मॅनेजरला इंटरेस्ट आहे. पण त्याला माणसाच्या अंगावरचा फोटो हवाय. उंदीरबिंदीर पाहून त्यांना कंटाळा आलाय."

"माणसाच्या अंगावर म्हणजे?"

"तुमचा तो मेंढपाळ."

त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची डबी होती. तिच्यात आमच्या धाग्याची जाळीदार पट्टी घडी करून ठेवलेली. कपाटातल्या निकालाच्याच खेपेची. मी तसं म्हटलं. सर म्हणाले, "फक्त फोटोपुरती. दोन मिनिटं." मग खिडकीबाहेर उसाकडे बघत पुढे म्हणाले, "मार्चनंतर तुमचं काय ते मी बघतोच आहे."

मी पोत्याची गाठ आवळत बसले. न्हावरे गेलं, कालवा आला, तरी गाठ आवळतच होते.

वस्तीवर सरांनी आधी मेंढ्यांबरोबर फोटो काढून घेतले. फोटोग्राफर त्यांना मागे सरकायला सांगत गेला, सर सरकत गेले, आणि वेड्या बाभळीचा काटा त्यांच्या महागड्या सँडलच्या तळातून वर आला. सर एका पायावर नाचले. एडका शांतपणे बघत होता. काटा निघाला, थोडं रक्त आलं. सरांनी रुमाल बांधला आणि ते कामाला लागले. त्यांची जिद्द मान्य करावीच लागेल.

आबांना बाजेवर बसवलं. फोटोग्राफरनं पागोटं सारखं करायला सांगितलं. सर त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसले, तेही फोटोसाठीच, आणि मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुमच्याच मेंढीच्या लोकरीतून आम्ही तुमच्यासाठी औषध आणलंय."

तेही खोटं होतं. पट्टी परदेशी मेंढीची होती.

आबांनी पाय पुढे केला. इतक्या विश्वासानं केला की मला त्यांच्याकडे बघवेना. जनाक्कांनी तांब्यातलं पाणी घालून राख धुतली. राखेखाली जखम काल दिसली होती त्याहून खोल होती. सरांनी डबी उघडली.

"बांधू नका," मी म्हटलं.

सर वर न बघता म्हणाले, "मॅडम जरा टेन्शनमध्ये आहेत."

"आबा, ती पट्टी बांधून घेऊ नका. तिच्यात अजून ते मीठ आहे. आम्ही बशीत जिवंत पेशींवर ठेवून बघितली. पेशी मेल्या."

सर उठले आणि माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. शिव्या इंग्रजीत दिल्या की त्यांना सभ्यपणा येतो अशी आमच्या क्षेत्रात समजूत आहे. जनाक्कांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला. त्यांनी सरांच्या हातातली डबी अलगद काढून घेतली, आत पाहिलं, वास घेतला.

"सायेब, चांगलं हाय ना हे?"

"अहो, अगदी सुरक्षित आहे."

"मग तुमचं रगत निघतंयच की. तुमच्याच पायाला बांधू. फोटू निघंल."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला, मग परत वर घेतला. सरांनी आपल्या रुमाल बांधलेल्या पायाकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "माझं... मला आधी टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला हवं. बाभळीचा काटा आहे."

"व्हय," जनाक्का म्हणाल्या. "काट्याला दवाखाना पायजेच." आणि डबी त्यांच्या हातात परत दिली.

आबा खाली मान घालून आपल्या जखमेकडे बघत होते. मी त्यांच्याजवळ बसले. "आबा, मी काल बघितलं तेव्हाच सांगायला हवं होतं. दुखत नाही हेच वाईट आहे. सरांच्या इंजेक्शनसाठी जीप दौंडला जाईलच. चला."

"मेंढरं?"

"सूनबाई बघंल," जनाक्का म्हणाल्या. त्या आतून पिशवी घेऊन आल्यासुद्धा होत्या. मला वाटतं ती पिशवी तीन महिने भरूनच ठेवलेली असावी.

दौंड

चौफुल्यावरून आम्ही दौंडला गेलो. सर पुढे बसले होते, पाय डॅशबोर्डवर.

दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. सर लंगडत पुढे झाले, नावामागची पदवी सांगितली आणि म्हणाले, "मला जरा लवकर परत जायचंय." डॉक्टरांनी दोघांनाही बाकावर बसवलं आणि पाय वर घ्यायला सांगितलं. दोन पाय शेजारी शेजारी आले.

डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं आबांच्या तळव्यावर दाबलं. "कळतंय का, आबा?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई."

ते घोट्यापर्यंत दाबत गेले. घोट्याच्या वर आल्यावर आबा म्हणाले, "आता जरा." जनाक्कांनी भिंतीला हात टेकला.

मग डॉक्टरांनी सरांच्या तळव्याला नुसतं बोट लावलं. "आई गं!" सर ओरडले.

"तुमचा पाय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "बाहेर सिस्टर इंजेक्शन देतील."

आबांना दाखल करून घेतलं. आत पू होता, अंगठ्याच्या हाडापर्यंत गेला असावा. अंगठा जाईल, पाय वाचवायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर अजून राख भरली असती तर गोष्ट वेगळी होती. मी त्यांना आमच्या धाग्याबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "कधी येईल?"

"काही वर्षं तरी."

"या तेव्हा," ते म्हणाले आणि साध्या सुती गॉजचा गठ्ठा उघडला.

निघताना मी आबांच्या खाटेशी गेले. त्यांनी माझा हात धरला नाही, आशीर्वादही दिला नाही. तसं काही झालं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, कालच सांगायचं हुतं." मी मान हलवली आणि बाहेर आले. जीप निघून गेली होती, लोकरीचं पोतं मात्र दवाखान्याच्या फाटकाशी ठेवलेलं होतं. दौंड स्टेशनवरून गाडी पकडून मी आणि पोतं पुण्याला आलो.

पुणे

अहवालात मी कपाटातला निकाल जोडला. सरांनी तो काढला. मी परत जोडला आणि अनुदान देणाऱ्या समितीला थेट प्रत पाठवली. रांजणगावच्या कंपनीचा इंटरेस्ट संपला. समितीनं मात्र प्रकल्प बंद केला नाही. एका म्हाताऱ्या सदस्यांनी पत्रात एवढंच लिहिलं की, प्रकल्पात आतापर्यंत खरी वाटलेली गोष्ट ही एकच. मार्चनंतर मला सहा महिने मिळाले, सरांच्या खोलीपासून सर्वांत दूरच्या टेबलावर. ती जागा मला आवडली.

त्या सहा महिन्यांत मी धुण्यापलीकडे काही केलं नाही. शोधनिबंधात त्याला भारदस्त नाव देता येतं, पण मी धुणंच करत होते. गरम पाणी, गार पाणी, परत गरम. पाणी बदलायचं, त्यात किती मीठ उतरलं ते मोजायचं, परत बदलायचं. आबांच्या काळ्या राठ लोकरीचा धागा परदेशी लोकरीपेक्षा खरबरीत निघाला, तुटायचाही जास्त. सप्टेंबरमध्ये एका सकाळी बशी भिंगाखाली धरली तर पेशी जिवंत होत्या. मी दुसऱ्या दिवशी परत पाहिलं. जिवंत.

वस्तीच्या शेजारच्या दूध डेअरीत फोन होता. मी जनाक्कांना बोलावून घेतलं. आबांचा अंगठा गेला होता, पाय राहिला होता, आणि ते मेंढ्यांमागे जायचा हट्ट करून सगळ्यांना वैताग देत होते. बूट घाला म्हटलं की घालत नव्हते. मग मी माझी बातमी सांगितली.

"पेशी मेल्या न्हाईत?"

"नाही, आक्का. जिवंत राहिल्या."

"कुणाच्या हुत्या?"

"उंदराच्या."

"बरं झालं," जनाक्का म्हणाल्या. "उंदराचं झालं. माणसाचं कवा?"

मी खोलीभर नजर फिरवली. बशा, नळ, टेबलावर वाळत घातलेला धागा. "माहीत नाही, आक्का."

पलीकडे दुधाची किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग बसा धूत," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.